"अर्जेंटिनाचं ना, मावशी?"

मैत्रिणीची मुलगी परवा घरी आली होती. मी मेथी निवडत बसले होते आणि ओट्यावर फोन ठेवून सितारोसा लावला होता, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात. गिटारींची एकसंध चाल आणि तिच्यावर तो खोल, जड, घाई नसलेला पुरुषी आवाज. ती दारातच थांबली. गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "कसला भारी आवाज आहे! अर्जेंटिनाचं ना, मावशी?" मी म्हटलं, "नाही गं, उरुग्वेचं." त्यावर ती हसून म्हणाली, "म्हणजे जवळपास तेच ना." मग चहा झाला, कॉलेजच्या गप्पा झाल्या. निघताना तिनं विचारलं, "उरुग्वेचं अजून काय ऐकू? एकाच प्रकारचं नको, सगळं सांग." दोनतीन नावं मी तिला चपला घालता घालताच सांगितली.

ती गेली, पण तिचं ते "जवळपास तेच" काही मनातून जाईना. त्यात तिचा दोष काहीच नाही. एका बाजूला ब्राझील, दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना आणि मधल्या कोपऱ्यात जेमतेम 35 लाख माणसांचा देश. त्यातली निम्मी तर मॉन्टेव्हिडिओ आणि तिच्या आसपासच राहतात. गाण्यांची ॲप्स या सगळ्यांना एकाच 'लॅटिन' गोणीत भरतात. तरीही मला वाईट वाटलं, कारण गेली कित्येक वर्षं माझ्या रात्रींना या छोट्या देशाची सोबत आहे. हे संगीत ऐकायचं तर ते प्रकाराप्रकारानं, कप्पे पाडून ऐकू नये असं मला आता ठामपणे वाटतं. तिथे कप्पे फार टिकत नाहीत. नदीकाठच्या दोनतीन वस्त्यांतला ढोल रॉकमध्ये शिरतो, कार्निव्हलमधला कोरस प्रेमगीताच्या मागे उभा राहतो, खेड्यातली गिटार ऑस्करच्या मंचावर पोहोचते. म्हणून मी सुरुवात गायकापासून करणार नाही, रस्त्यापासून करेन.

रस्ता म्हणजे मॉन्टेव्हिडिओतले बारिओ सूर आणि पालेर्मो हे दोन जुने मोहल्ले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांनी इथे कांदोम्बे हे आपलं ढोलवादन जिवंत ठेवलं. यात ढोल तीनच प्रकारचे. सर्वांत लहान आणि बारीक आवाजाचा चिको, मधला रेपिके आणि पोटातून घुमणारा पियानो. (हा पियानो म्हणजे खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला लाकडी ढोल, पेटीसारख्या पट्ट्यांचा नव्हे.) एका हातात काठी, दुसरा हात मोकळा, आणि सगळे चालत चालत वाजवतात. चिको एकच छोटी आकृती अखंड घोळवत राहतो, पण गंमत अशी की तो ठोक्याची पहिली जागा रिकामी सोडतो. आपला कान सम शोधत बसतो आणि जिथे ती सापडायला हवी तिथे चिकोत शांतता असते. पियानो तळ धरतो, रेपिके मधूनच उसळून बोलतो, आणि कुणीतरी ढोलाच्या लाकडी अंगावर काठीनं एक ठरावीक ठेका वाजवत असतो. त्याला तिथे मादेरा म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सगळा नुसता कल्लोळ वाटेल. माझा सल्ला असा, की पहिल्या वेळी फक्त चिको ऐकायचा. कानाला तो सापडला की बाकीचे दोन आपोआप आपापल्या जागी जातात.

जुन्या ढोलांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं. त्यामुळे स्वर चढवायचा तर रस्त्याच्या कडेला कागद-लाकडं पेटवायची आणि ढोल त्या जाळाभोवती तोंड करून ठेवायचे. याचं चित्रण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गावच्या जत्रेत पाचटाच्या जाळावर हलगी शेकणारी माणसं डोळ्यांसमोर आली. तोच धूर, मधूनच टिचकी मारून कातडं तपासणारी बोटं तीच, आणि वाजायला सुरुवात होण्यापूर्वीची रेंगाळलेली उत्सुकताही तीच. आता चावीनं ताणायचे ढोलही सर्रास आहेत, तरी जाळ काही गेलेला नाही. फेब्रुवारीत इस्ला दे फ्लोरेस या रस्त्यावरून शामादास ही ढोलांच्या ताफ्यांची मिरवणूक निघते. तिची चित्रणं सहज मिळतात. पण मला त्या झगमगाटापेक्षा एखाद्या रविवारी संध्याकाळी गल्लीतून निघालेल्या वीसपंचवीस ढोलांचं ध्वनिमुद्रण जास्त आवडतं. त्यात कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, बाल्कनीतून कुणीतरी हाक मारतं, आणि ढोल दूर जाताना पियानोचा आवाज सर्वांत शेवटी विरतो.

या वाद्याशी सत्तेनं काय केलं तेही सांगायला हवं. कुआरेम रस्त्यावर मेदिओमुंदो नावाची मोठी चाळ होती. मधे चौक, भोवती खोल्या आणि चौकात ढोल. लष्करी हुकूमशाहीच्या काळात, डिसेंबर 1978 मध्ये, तिथल्या रहिवाशांना बाहेर काढलं आणि मग वास्तू पाडून टाकली. त्याआधी, 3 डिसेंबरला, तिथे शेवटचे ढोल वाजले. पालेर्मोतल्या आन्सिना भागातली कुटुंबंही अशीच उठवली गेली. माणसं शहराच्या कडेला फेकली गेली, पण जिथे गेली तिथे ढोल घेऊन गेली. आजही जाणकार कान नुसत्या ठेक्यावरून ओळखतात, हे कुआरेमचं वाजवणं की आन्सिनाचं. कुआरेममध्ये लय थोडी सावकाश, आन्सिनात घाई आणि धग. 2006 पासून 3 डिसेंबर हा तिथे कांदोम्बेचा राष्ट्रीय दिवस आहे आणि 2009 मध्ये युनेस्कोनंही त्याला वारशाच्या यादीत घेतलं. ज्या दिवशी त्या घरात शेवटचे ढोल वाजले तोच दिवस साजरा करायचा, यात अभिमान किती आणि जखम किती हे मला बाहेरून ठरवता येत नाही. दोन्ही असणार.

तर ढोल कानात बसले की मगच एदुआर्दो मातेओ लावायचा.

साठच्या दशकात मॉन्टेव्हिडिओतल्या पोरांना बीटल्सनं वेड लावलं होतं. ऊगो आणि ओस्वाल्दो फात्तोरुसो या भावांनी 'लोस शेकर्स' काढून हुबेहूब त्या थाटात, इंग्रजीतून गाणी केली आणि ती नुसती नक्कल राहिली नाही. 1968 चा त्यांचा 'ला कोन्फेरेन्सिया सेक्रेता देल तोतोज बार' आजही ताजा वाटतो. त्याच सुमारास मातेओ आणि रुबेन रादा यांनी 'एल किंतो' या बँडमध्ये विजेच्या गिटारीखाली कांदोम्बेचा ठेका घातला. तिथून पुढे जे झालं ते मला आजही नवल वाटावं असं आहे. मातेओनं 1971 मध्ये ब्युनोस आयर्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून तो निघून गेला. मागे राहिलेल्या तुकड्यांतून ध्वनिमुद्रक कार्लोस पिरिस यानं जो अल्बम जुळवला, तो 'मातेओ सोलो बिएन से लामे', 1972 सालचा. जवळजवळ सगळा एकट्याचा आवाज आणि गिटार. गिटारीवर उजवा हात जे करतो ते ऐका. त्यात चिको आहे, मादेरा आहे, ढोल कुठेही न वाजता सगळे ढोल आहेत. 'युलेले' किंवा 'हासिंता' ऐकताना असं वाटतं, की हा माणूस आपल्यासाठी गात नाही, रात्री उशिरा स्वतःशीच काहीतरी लावून पाहतो आहे आणि आपण भिंतीपलीकडून ऐकतो आहोत. मातेओ 1990 साली गेला, पन्नाशी न गाठता. पैसा आणि स्थैर्य त्याला कधी लाभलं नाही. तिथल्या जवळजवळ प्रत्येक संगीतकाराच्या बोलण्यात त्याचं नाव येतं, आणि त्यात जसा आदर असतो तशी थोडी हळहळही.

रादाची गोष्ट वेगळी. तो आफ्रिकी वंशाचा, त्याच मोहल्ल्यांतला, रंगमंचावर उभा राहिला की सगळं सभागृह खिशात घालणारा. 'तोतेम' या बँडचा 1971 चा पहिला अल्बम मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे. त्याची नंतरची हलकीफुलकी लोकप्रिय गाणी मला तितकी रुचत नाहीत. फात्तोरुसो बंधू अमेरिकेत गेले, तिथे त्यांचा 'ओपा' हा बँड उभा राहिला, आणि 1976 मध्ये 'गोल्डनविंग्ज' आला. इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर, जॅझचे लांब श्वास आणि खाली तोच मॉन्टेव्हिडिओचा ठेका. हा अल्बम हेडफोन लावून, दिवे मालवून ऐकावा. ज्यांना फ्यूजन या शब्दाची धास्ती वाटते त्यांनी तर नक्कीच. यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटवल्याची जोडरेघ दिसतच नाही.

आता मूर्गा, म्हणजे कार्निव्हलमध्ये कोरसनं गाऊन टिंगल करणारी मंडळी. माझ्या अनुभवात नवा ऐकणारा सर्वांत आधी इथेच अडखळतो. रंगवलेले चेहरे, भडक पोशाख, पंधरासोळा माणसं आणि मागे बाँबो, झांजा आणि रेदोब्लांते एवढीच तीन तालवाद्यं. आवाज नाकातून आणि घशावर ताण देऊन लावलेले, कारण ही कला माईक नसलेल्या उघड्या मंचांवर वाढली. मॉन्टेव्हिडिओचा कार्निव्हल जवळजवळ चाळीस दिवस चालतो आणि मूर्गाची मंडळी बसमध्ये बसून एका रात्रीत या मोहल्ल्याच्या ताब्लादोवरून (म्हणजे उघड्या मंचावरून) त्या मोहल्ल्याच्या ताब्लादोवर जातात. वर्षभरात जे घडलं त्याचा समाचार घेतात. मंत्री, फुटबॉल, महागाई, शेजारी, कुणीच सुटत नाही. हुकूमशाहीत संहिता आधी सेन्सॉरकडे द्यावी लागे, तेव्हा ओळींच्या मधल्या जागेत बोलायची कला कमावली गेली. 1980 मध्ये सुरू झालेली 'फाल्ता इ रेस्तो' ही मूर्गा त्याच काळातली. अलीकडचं ऐकायचं तर 'आगार्राते कातालिना'. भाषा कळत नाही म्हणून विनोद निसटतो, हे खरं. म्हणून मी नवख्याला थेट शेवटाकडे नेते. प्रत्येक मूर्गा कार्यक्रमाच्या अखेरीस 'रेतिरादा' गाते. हे निरोपाचं गाणं, आणि त्यात पुढच्या वर्षी परत येण्याचं वचन असतं. सगळे आवाज एकत्र चढतात, मग मंडळी गात गातच मंचावरून उतरून लोकांत मिसळतात. एक शब्द न कळताही घसा दाटतो.

हा कोरस रंगमंचावरून काढून गाण्याच्या मागे उभा केला हाइमे रोस या गायकानं. 1953 चा जन्म, बारिओ सूरमधलं बालपण. ज्या कोपऱ्यावर तो वाढला त्याच दोन रस्त्यांच्या नावांचं त्याचं गाणं आहे, 'दुरास्नो इ कोन्वेन्सिओन'. तरुणपणी तो युरोपात राहिला, बराच काळ ॲमस्टरडॅममध्ये, आणि मला वाटतं दूर राहिल्यामुळेच त्याला आपल्या गल्लीचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला. 'लोस ओलिंपिकोस' हे देश सोडून गेलेल्यांचं गाणं त्यानं मूर्गाच्या चालीत बांधलं. आणि 'ब्रिंदिस पोर पिएरो' 1985 चं. त्यात त्यानं स्वतः मागे राहून मुख्य आवाज दिला कानारिओ लूना या मूर्गाच्या जुन्या गायकाला. तो आवाज खरखरीत, सिगारेट आणि रात्री प्यायलेला, कुठल्याही गायनवर्गात नापास होईल असा. कार्निव्हलच्या गेलेल्या माणसांची तो आठवण काढतो आणि मागचा कोरस त्याला सावरून धरतो. मला उरुग्वेचं एकच गाणं सोबत न्यायला सांगितलं तर मी हे नेईन. पुन्हा विचारलं तरी हेच.

ओट्यावर वाजत होता तो आल्फ्रेदो सितारोसा या सगळ्यापेक्षा वेगळ्या मातीतला, मिलोंगाचा, म्हणजे गिटारीवर गायच्या शेतशिवाराकडच्या गाण्याचा. तरुणपणी तो रेडिओवर निवेदक होता, आणि ते त्याच्या उच्चारात कायम राहिलं. प्रत्येक अक्षर पूर्ण उमटतं. लोकगीतं गाणाऱ्यानं गावरान वेश करावा असा रिवाज असताना हा सूट घालून, केस चापून बसवून उभा राहायचा. साथीला फक्त गिटारी, बहुधा चार, त्यातली एक खर्जात गुंजणारी. 'दोन्या सोलेदाद' ऐका, मग 'आदाखिओ एन मि पाईस', मग बेचो नावाच्या व्हायोलिनवादक मित्रावरचं 'एल व्हिओलिन दे बेचो'. त्याच्या गाण्यांवर बंदी आली. 1976 मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि अर्जेंटिना, स्पेन, मेक्सिको असं तो हिंडत राहिला. परत आला 31 मार्च 1984 ला. विमानतळापासून शहरापर्यंत माणसंच माणसं. त्याच्या नंतर काही आठवड्यांनी, मे महिन्यात, 'लोस ओलिमारेन्योस' ही त्रेइंता इ त्रेस गावची जोडी परतली आणि सेंतेनारिओ स्टेडियममध्ये भर पावसात गायली. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गर्दीचा आवाज गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. सितारोसा पुढे पाचच वर्षं जगला. जानेवारी 1989 मध्ये तो गेला तेव्हा 52 वर्षांचा होता. 'गितार्रा नेग्रा' हे त्याचं दीर्घ काव्य-संगीत मी फार क्वचित लावते. ते ऐकल्यावर बराच वेळ दुसरं काही करता येत नाही.

मिलोंगाचा तोच धागा होर्हे ड्रेक्सलरपर्यंत येतो. नाक-कान-घशाचा डॉक्टर असलेला हा माणूस 2005 मध्ये ऑस्कर जिंकला, स्पॅनिश गाण्याला मिळालेला त्या विभागातला पहिलाच. समारंभात त्याचं गाणं त्याला न देता दुसऱ्यांकडून गाऊन घेतलं. पुरस्कार घ्यायला वर गेल्यावर त्यानं भाषण केलं नाही, आपल्या गाण्याच्या दोन ओळी साथीशिवाय गायल्या आणि खाली उतरला. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, पण मी त्याची 'मिलोंगा देल मोरो हुदिओ' आधी ऐकायला सांगते. त्याची चुलतबहीण आना प्रादा पायसांदूची. 2006 चा तिचा 'सोय सोला' दुपारच्या उन्हासारखा लख्ख आहे, आणि ती जितकी ऐकली जायला हवी तितकी ऐकली जात नाही.

आणि टँगो? "अर्जेंटिनाचं ना" या प्रश्नाची धार इथे सर्वांत जास्त लागते. जगातला सर्वांत ओळखीचा टँगो 'ला कुंपार्सिता' लिहिला मॉन्टेव्हिडिओतल्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यानं, विद्यार्थ्यांच्या कार्निव्हल-ताफ्यासाठी. पहिल्यांदा वाजला तो 1917 मध्ये ला खिराल्दा या कॅफेत. त्याच जागी आज पालासिओ साल्वो ही इमारत उभी आहे. पुढे अर्जेंटिनात त्यावर परवानगी न घेता शब्द बसवले गेले, ते गाजले आणि कोर्टकचेरी कितीतरी वर्षं चालली. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा संघ या धूनवर चालत आला तेव्हा उरुग्वेनं निषेध नोंदवला. ही बातमी वाचून लोक हसले असतील. मला हसू आलं नाही. गायक हुलिओ सोसा लास पिएद्रासचा, पण नाव झालं ते ब्युनोस आयर्सला जाऊन. मोठी बाजारपेठ पलीकडच्या काठावर आहे, त्याला इलाज नाही. टँगोत माझी शिफारस लाग्रिमा रिओसची. 1924 ते 2006 असं आयुष्य, आफ्रिकी वंशाची बाई, टँगो आणि कांदोम्बे दोन्ही एकाच गळ्यातून गाणारी. म्हातारपणीचा तिचा आवाज ऐकला की टँगोच्या पोटात ढोल आहे हे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रॉकबद्दल मी थोडक्यात सांगेन, कारण तिथे मला वाट दाखवणारे माझ्याहून तरुण लोक आहेत. हुकूमशाही संपता संपताचा राग आणि राखाडी रंग हवा असेल तर 'लोस एस्तोमागोस' या बँडचा 1985 चा अल्बम. डोक्याला चालना हवी तर 'एल क्वार्तेतो दे नोस'चा 2006 चा 'रारो'. मित्रांबरोबर ओरडून गायचं असेल तर 'ला वेला पुएर्का'. लग्नात नाचायला लागते ती कुंबिया आणि प्लेना तिथे घराघरांत आहे, मला तिचा कंटाळा येतो, पण तुम्हाला येईलच असं नाही. आणि निव्वळ वाद्यवृंद ऐकणाऱ्यांसाठी एदुआर्दो फाबिनीचं 1922 चं 'काम्पो'. सपाट गवताळ माळ आणि त्यावरचं पहाटेचं धुकं, दुसरं काही नाही.

शेवटी राखून ठेवलेलं नाव फेर्नांदो काब्रेरा. मातेओबरोबर त्यानं 1987 मध्ये एकत्र मैफली केल्या, त्यांचं थेट ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. काब्रेराचा आवाज बारीक, अडखळत येणारा, आता तुटेल की काय असा. गिटारीत मधे मधे इतकी मोकळी जागा, की पहिल्यांदा वाटतं काहीतरी वाजवायचं राहून गेलं. 'एल तिएंपो एस्ता देस्पुएस' या गाण्यात तो बेल्वेदेरे या कामगार वस्तीची आठवण काढतो. ही वस्ती नदीकाठच्या त्या प्रसिद्ध मोहल्ल्यांपासून लांब आहे, पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. मी ते आधी दोनदा ऐकून बाजूला ठेवलं होतं. ढोल, मूर्गा, सितारोसा हे सगळं कानात मुरल्यावर पुन्हा लावलं तेव्हा लक्षात आलं, की त्यानं सोडलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेत काय वाजतंय ते मला आता ऐकू येतंय. म्हणून नव्या माणसाला मी काब्रेरा पहिल्या दिवशी देत नाही. आधी चार आठवडे चिको, मातेओ आणि रेतिरादा. मग हे गाणं, आणि तेही शब्दांचं भाषांतर न वाचता.